पगार टक्क्यांत सांगितला, पण माहिती पुरेशी आहे का? बँक आणि सीसॅटच्या पेपरातला ‘डेटा सफिशियन्सी’ प्रश्न सोप्या भाषेत

बीड : गावातली पोरं-पोरी अभ्यासिकेत बसून बँकेची, एमपीएससीची तयारी करतात. टक्केवारी येते, सरासरी येते, काळ-काम-वेगही जमतो. पण ‘डेटा सफिशियन्सी’ नावाचा प्रश्न आला की बरेच जण तो सोडून पुढं जातात, नाहीतर अंदाजाने ठोकतात. अंदाज चुकला की बँकेच्या पेपरात आणि एमपीएससीतही त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. म्हणजे चार चुकीच्या उत्तरांत एका बरोबर उत्तराची कमाई गेली.

खरं पाहिलं तर हा प्रकार आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. यात उत्तर काढायचंच नसतं. दिलेल्या माहितीवरून उत्तर निघेल का नाही, एवढंच सांगायचं असतं. बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, मालकाला दोन प्रश्न विचारतो आणि मगच किंमत बोलतो. बोलण्याएवढी माहिती हातात आली का, हे आधी ठरवतो. पेपरातही तेच करायचं.

राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर म्हणजे सीसॅट. तो आता ३३ टक्के गुणांच्या पात्रतेचा आहे, आणि त्याच्या अभ्यासक्रमात हा प्रकार दहावीच्या पातळीचा म्हणून दिलेला आहे. बँक पीओच्या परीक्षेत तो गणितातही येतो आणि रिझनिंगमध्येही. पगार, मजुरी आणि टक्केवारी हा त्यातला नेहमीचा विषय. म्हणून आज तोच घेऊ. आणि ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचा. कारण ठेकेदाराचा पगार, मुकादमाची उचल आणि पेपरातली ‘इतके टक्के वाढ’ ही बातमी, या सगळ्याला हेच गणित लागतं.

प्रश्न कसा असतो?

वर एक प्रश्न असतो. खाली दोन विधानं असतात, अ आणि ब. पर्याय साधारण असे :

१) फक्त विधान अ पुरेसं आहे.
२) फक्त विधान ब पुरेसं आहे.
३) अ किंवा ब, कोणतंही एक पुरेसं आहे.
४) दोन्ही मिळूनही पुरेशी नाहीत.
५) दोन्ही मिळून पुरेशी आहेत, एकटं कोणतंच नाही.

पर्यायांचा क्रम प्रत्येक पेपरात असाच असेल असं नाही. त्यामुळे वर दिलेली सूचना आधी वाचा. पाठ केलेल्या क्रमावर जाऊ नका.

सोडवण्याची पद्धत

पहिलं काम, प्रश्न काय विचारतोय ते कागदावर लिहा. रुपये विचारलेत, टक्के विचारलेत, का नुसतं ‘हो की नाही’ विचारलंय? या तिन्हींना लागणारी माहिती वेगवेगळी असते. निम्मा प्रश्न इथंच सुटतो.

दुसरं, विधान ब वर हात ठेवून फक्त अ वाचा. एकच एक पक्कं उत्तर निघतं का बघा.

तिसरं, आता अ वर हात ठेवा आणि ब वाचा. इथं मन फसवतं. अ मधला आकडा डोक्यात राहिलेला असतो आणि नकळत तो ब मध्ये वापरला जातो. अ वाचलंच नाही असं समजा.

चौथं, दोन्ही एकेकटी कमी पडली तरच दोघांना एकत्र करा. एकट्याने काम भागत असेल तर एकत्र करण्याचा प्रश्नच येत नाही.

पाचवं, शंका आली तर दोन खोटे आकडे घालून बघा. विधानात बसणारे दोन वेगळे आकडे घेतले आणि उत्तरं दोन वेगळी आली, तर ते विधान अपुरं. ही युक्ती सगळ्यात भरवशाची.

आता उदाहरणं बघू. आकडे सगळे समजावण्यापुरते धरलेले आहेत.

उदाहरण १ : सालगड्याचं साल

यंदा सालगड्याचं साल किती रुपये ठरलं?
अ : यंदाचं साल गेल्या वर्षीपेक्षा १५ टक्क्यांनी जास्त आहे.
ब : गेल्या वर्षीपेक्षा १८,००० रुपये जास्त ठरले.

पाडव्याला साल ठरतं तेव्हा हेच बोलणं कानावर पडतं. अ एकटं घ्या. १५ टक्के कशाचे? गेल्या वर्षीचं साल माहीत नाही. एक लाख होतं तर यंदा १,१५,०००. दीड लाख होतं तर १,७२,५००. दोन उत्तरं आली, म्हणजे अ अपुरं. ब एकटं घ्या. कशावर १८,००० वाढले ते माहीत नाही. तेही अपुरं.

आता दोन्ही जोडा. १५ टक्के म्हणजे १८,००० रुपये. मग एक टक्का म्हणजे १,२०० रुपये आणि शंभर टक्के म्हणजे १,२०,०००. यंदाचं साल १,३८,०००. उत्तर पर्याय ५.

लक्षात ठेवा, रुपये विचारले असतील तर नुसत्या टक्क्यांनी काम होत नाही. कुठंतरी एक रुपयाचा आकडा लागतोच. टक्का म्हणजे वजनकाटा समजा आणि रुपया म्हणजे काट्यावरचं माप. माप नसेल तर काटा नुसता हलतो.

याच प्रश्नात एक फसवी गाठ मारता येते. समजा ब असं दिलं : यंदाचं साल गेल्या वर्षीच्या १.१५ पट आहे. वाटतं की नवीन माहिती मिळाली. पण १५ टक्के जास्त आणि १.१५ पट ही एकच गोष्ट आहे, शब्द फक्त बदलले. दोन्ही जोडून हातात काहीच वाढत नाही. मग उत्तर पर्याय ४. एकच साक्षीदार दोनदा बोलला म्हणून दोन साक्षी होत नाहीत.

उदाहरण २ : गडी आणि बाई यांची मजुरी

खुरपणीला गड्याची मजुरी बाईच्या मजुरीपेक्षा किती टक्के जास्त आहे?
अ : बाईची मजुरी गड्याच्या मजुरीपेक्षा २० टक्के कमी आहे.
ब : गड्याला बाईपेक्षा रोज १०० रुपये जास्त मिळतात.

अ घ्या. गड्याला १०० धरले तर बाईला ८०. फरक २०. पण प्रश्न बाईच्या मजुरीवर विचारलाय, म्हणून २० भागिले ८०. उत्तर २५ टक्के. गड्याला १०० धरा, ५०० धरा, हजार धरा, उत्तर २५ टक्केच राहणार. अ पुरेसं.

ब घ्या. बाईला ४०० आणि गड्याला ५०० असेल तर फरक २५ टक्के. बाईला ३०० आणि गड्याला ४०० असेल तर फरक साडेतेहतीसच्या जवळ. उत्तर हललं. ब अपुरं. म्हणून पर्याय १.

इथं दोन गोष्टी शिकायच्या. एक, टक्के विचारले असतील तर रुपयाची गरज नसते, दोघांमधलं प्रमाण कळलं की पुरे. पहिल्या उदाहरणाच्या अगदी उलट. दोन, ‘२० टक्के कमी’ आणि ‘२० टक्के जास्त’ सारखे नसतात, कारण ज्याच्याशी तुलना केली तो पाया बदलतो. बाईला ३०० आणि गड्याला ५०० असा भाव असेल तर बाईला ४० टक्के कमी मिळतात, पण गड्याला ६६ टक्क्यांहून जास्त मिळतात. फरक तोच २०० रुपयांचा. आणि हेही सांगून ठेवतो, सारख्या कामाला बाई-गड्याला सारखा मोबदला द्यायचा, असा कायदा देशात १९७६ सालीच झालेला आहे.

उदाहरण ३ : कमिशनवरचा पोरगा

खत-बियाण्याच्या दुकानातल्या विक्री करणाऱ्या पोराला महिन्याला १२,००० रुपये पक्के मिळतात. शिवाय एक लाखाच्या वर जेवढी विक्री होईल तेवढ्यावर २ टक्के कमिशन. या महिन्यात त्याची कमाई २०,००० पेक्षा जास्त झाली का?
अ : या महिन्याची विक्री ३ लाखांपेक्षा जास्त आणि ४ लाखांपेक्षा कमी होती.
ब : या महिन्याची विक्री मागच्या महिन्यापेक्षा जास्त होती.

अ वरून नेमकी विक्री कळत नाही. बरेच जण इथंच ‘अपुरं’ म्हणून मोकळे होतात. पण प्रश्न नेमकी कमाई विचारतच नाही. हो की नाही, एवढंच विचारतो. विक्री तीन ते चार लाखांच्या मधे, म्हणजे कमिशनची रक्कम दोन ते तीन लाखांच्या मधे. त्याचे २ टक्के म्हणजे ४,००० ते ६,०००. कमाई १६,००० ते १८,००० च्या मधे. २०,००० पर्यंत पोचतच नाही. उत्तर पक्कं ‘नाही’.

पक्कं ‘नाही’ हेही पक्कं उत्तरच आहे. म्हणून अ पुरेसं. ब मध्ये मागच्या महिन्याचा आकडाच नाही, ते अपुरं. पर्याय १.

इथं ‘नाही’ आलं म्हणून विधान अपुरं समजू नका. विधान अपुरं कधी, तर कधी ‘हो’ आणि कधी ‘नाही’ येत असेल तेव्हा.

उदाहरण ४ : पीएफची कपात

कंपनीतल्या कामगाराच्या मूळ पगारातून १२ टक्के पीएफ कापला जातो, दुसरी कपात नाही. महिन्याला पीएफ किती रुपये कापला जातो?
अ : मूळ पगार १५,००० रुपये आहे.
ब : पीएफ कापून मूळ पगारातले १३,२०० रुपये हातात येतात.

अ वरून सरळ : १५,००० चे १२ टक्के म्हणजे १,८००. ब वरून : १२ कापले म्हणजे ८८ टक्के राहिले. ८८ टक्के म्हणजे १३,२००, तर एक टक्का १५० आणि १२ टक्के १,८००. दोघांपैकी कोणतंही एक चालतं. पर्याय ३.

ब वर चूक होते ती अशी की पोरं १३,२०० चेच १२ टक्के काढतात. कपात हातातल्या पैशावर होत नाही, मूळ पगारावर होते. पाया कोणता, हे दर वेळी विचारा.

उदाहरण ५ : पगार वाढला आणि कापला

एका कामगाराचा पगार आधी काही टक्क्यांनी वाढवला, नंतर वाढलेल्या पगारातून काही टक्के कापला. शेवटचा पगार मूळ पगारापेक्षा कमी आहे का?
अ : जेवढे टक्के वाढवले तेवढेच टक्के कापले.
ब : कापताना १० टक्के कापले.

अ वाचून वाटतं, तेवढेच वाढले, तेवढेच गेले, म्हणजे पगार होता तिथंच आला. तसं होत नाही. १०,००० चे १० टक्के वाढून ११,००० झाले. आता कपात ११,००० च्या १० टक्के, म्हणजे १,१००. राहिले ९,९००. वाढ लहान रकमेवर झाली, कपात मोठ्या रकमेवर. त्यामुळे टक्के सारखे असतील तर शेवटी पगार कमीच होतो, ५ टक्के असोत की ५०. उत्तर पक्कं ‘हो’. अ पुरेसं.

ब एकटं बघा. वाढ ५ टक्के असेल तर पगार कमी होईल, वाढ २० टक्के असेल तर जास्त होईल. अपुरं. पर्याय १.

कुणाच्या मालकाने अडचणीच्या काळात २० टक्के पगार कापला आणि आता ‘२० टक्के परत वाढवला’ असं सांगत असेल, तर त्याने हे गणित करून बघावं. २०,००० चे १६,००० झाले होते. त्यावर २० टक्के म्हणजे ३,२००. झाले १९,२००. पूर्वीच्या पगारावर यायला २५ टक्के वाढ लागते.

उदाहरण ६ : गटाची मजुरी

एका गटात बायांची मजुरी १० टक्के आणि गड्यांची २० टक्के वाढली. सगळ्या गटाच्या मजुरीचा एकूण खर्च किती टक्के वाढला?
अ : गटात बाया आणि गडी संख्येने सारखे आहेत.
ब : वाढीआधी बायांच्या मजुरीचा एकूण खर्च आणि गड्यांच्या मजुरीचा एकूण खर्च सारखा होता.

अ वाचताच हात ‘१५ टक्के’ लिहायला जातो. थांबा. माणसं सारखी, पण मजुरी सारखी आहे का? दोघांनाही ४०० असतील तर ८०० वर ४० आणि ८० मिळून १२० वाढले, म्हणजे १५ टक्के. बाईला ३०० आणि गड्याला ५०० असतील तर ३० आणि १०० मिळून १३० वाढले, म्हणजे सव्वासोळा टक्के. उत्तर हललं. अ अपुरं.

ब मध्ये खर्चच सारखा दिलाय. प्रत्येकी १०० रुपये धरा. १० आणि २० मिळून २०० वर ३० वाढले, १५ टक्के. डोकी किती आहेत हे कळायची गरजच नाही. पर्याय २. टक्के ज्याला लागतात त्याचं वजन बघायचं. इथं टक्के पैशाला लागलेत, माणसांना नाही.

आता पेपरातल्या बातम्यांकडे बघू

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरीत ३४ टक्के वाढीचा करार झाला. ३४ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. पण टनाला किती रुपये मिळणार, हे त्यावरून निघतं का? नाही. जुना दर कळला पाहिजे, आणि आपलं काम कोयत्याचं आहे, बैलगाडीचं आहे का टोळीचं, हेही कळलं पाहिजे. नुसता टक्का म्हणजे आपलं उदाहरण १ मधलं विधान अ.

रोजगार हमीचं बघा. महाराष्ट्रात २०२३-२४ साली केंद्राचा दर रोजी २७३ रुपये होता. २०२४-२५ मध्ये २९७ झाला आणि २०२५-२६ मध्ये ३१२. पहिली वाढ २४ रुपयांची, म्हणजे पावणेनऊ टक्क्यांच्या थोडी वर. दुसरी १५ रुपयांची, म्हणजे पाच टक्क्यांच्या जरा वर. दोन्हींची बेरीज करून कुणी ‘पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास वाढ’ म्हणेल. पण २७३ वरून ३१२ म्हणजे ३९ रुपये, ते २७३ च्या १४.२९ टक्के आहेत. दुसरी वाढ वाढलेल्या दरावर झाली म्हणून बेरीज जुळत नाही. टक्क्यांची सरळ बेरीज करू नका, हे पेपरातही लागू आहे.

केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी २०२५ पासून ५३ वरून ५५ टक्के झाला. ‘२ टक्के पगारवाढ’ असं लोक सहज बोलून जातात. भत्ता मूळ पगारावर असतो. मूळ १०० धरला तर मूळ आणि भत्ता मिळून १५३ चे १५५ झाले. वाढ २, पण १५३ वर. म्हणजे १.३१ टक्के. गंमत अशी की इथं मूळ पगार किती हे माहीत नसलं तरी उत्तर निघतं, कारण विचारलेत टक्के. ‘किती रुपये वाढले’ विचारलं असतं तर मूळ पगार लागला असता.

‘पगार १८ हजार’ – माहिती पुरेशी आहे का?

वाळूज, चाकण, रांजणगावकडे पोरं पाठवणारे मेसेज गावच्या ग्रुपवर फिरतात. ‘हेल्पर पाहिजे, पगार १८,०००, लगेच जॉइन.’ डेटा सफिशियन्सीच्या नजरेनं हा मेसेज वाचा. हातात किती येणार हे यावरून कळत नाही.

पहिला प्रश्न तासांचा. ८ तासांचे १८,००० का १२ तासांचे? कारखान्यात ठरलेल्या तासांच्या वर काम केलं तर दुप्पट दर द्यायचा, असं १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय. मग १२ तासांत ८ तास साधे आणि ४ तास दुप्पट, म्हणजे ते ४ तास ८ तासांच्या भावाचे. नियमाने बघितलं तर निम्मा पगार ८ तासांचा आणि निम्मा ओव्हरटाइमचा. म्हणजे १२ तासांचा १८,००० पगार हा ८ तासांच्या ९,००० पगाराएवढाच झाला.

दुसरा प्रश्न कपातीचा. समजा १८,००० मध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८०० धरूनच आकडा सांगितलाय. मग प्रत्यक्ष पगार राहिला १६,२००. मूळ पगार १५,००० असेल तर पोराच्या वाट्याचा पीएफ आणखी १,८००. राहिले १४,४००. ईएसआयचे कामगाराच्या वाट्याचे ०.७५ टक्के, म्हणजे सव्वाशेच्या आत, तेही जातात. त्यात मेस आणि खोलीचे अडीच हजार गेले तर हातात पावणेबारा हजारांच्या आसपास. मेसेज खोटा नव्हता. अपुरा होता. पीएफचे पैसे बुडत नाहीत, ते खात्यावर जमा होतात, पण यूएएन नंबर घेऊन मोबाईलवर तपासायला पाहिजेत.

तिसरा प्रश्न दिवसांचा. महिना २६ दिवसांचा का ३०? सुट्टी घेतली तर किती कापणार? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पोराला गाडीत बसवू नका.

उचलीचा हिशेब

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कोयते कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. समजा एका कोयत्याने १ लाख उचल घेतली. उचल किती दिवसांत फिटेल?
अ : टनाला ३५० रुपये मिळतात.
ब : कोयता रोज २ टन तोडतो.

पेपरात असता तर पर्याय ५ वर टिक केली असती. रोज ७०० रुपये, १ लाखाला १४३ दिवस. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे १५० दिवस धरला तर उचल फिटून काही दिवसांची कमाई घरी येते.

पण फडात राहणाऱ्या माणसाला माहीत आहे की मधे खर्ची उचलावी लागते. आठवड्याला १,५०० रुपये खर्ची धरा. सात दिवसांची कमाई ४,९००, त्यातून खर्ची गेली की उचलीत जमा होतात ३,४००. १५० दिवस म्हणजे साडेएकवीस आठवड्यांच्या आत. फिटले ७३ हजारांच्या जवळ. डोक्यावर राहिले २७ हजार. आणि यात खाड्याचे पैसे अजून धरलेले नाहीत. पाऊस पडला, लेकरू आजारी पडलं, कारखाना बंद राहिला, की टन कमी आणि बाकी जास्त.

तेच दोन आकडे, पण एक माहिती राहिली म्हणून ‘फिटली’चं ‘बाकी’ झालं. म्हणून उचल घेतानाच पाच गोष्टी लिहून घ्या : टनाचा दर किती, वजनाच्या पावत्या कुणाकडे राहणार, खर्ची किती आणि कशी मांडणार, खाडा किती धरणार, आणि हिशेब कधी होणार. वही दोघांकडे पाहिजे. मोबाईलमध्ये वजनपावतीचा फोटो रोज काढून ठेवला तरी पुष्कळ झालं. घरात बँकेची तयारी करणारं लेकरू असेल तर हा हिशेब त्याच्याकडून मांडून घ्या, त्याचाही सराव होईल.

सरावासाठी चार प्रश्न

१) नर्सचा महिन्याचा पगार किती?
अ : पगाराचा ४० टक्के घरखर्च, ३० टक्के मुलांच्या शिक्षणाला, बाकीची बचत.
ब : तिची बचत शिक्षणाच्या खर्चाएवढी आहे.

२) ट्रॅक्टर ड्रायव्हरचा पगार किती टक्के वाढला?
अ : जुना पगार नव्या पगाराच्या चार पंचमांश आहे.
ब : पगारात ३,००० रुपयांची वाढ झाली.

३) दोन भावांच्या पगारांची बेरीज ५०,००० आहे. थोरल्याचा पगार किती?
अ : थोरल्याचा पगार धाकट्यापेक्षा ५० टक्के जास्त आहे.
ब : धाकट्याचा पगार बेरजेच्या ४० टक्के आहे.

४) वॉचमनला ८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर मिळतो. त्याची महिन्याची कमाई किती?
अ : तासाचा साधा दर ६० रुपये आहे.
ब : महिन्यात २६ दिवस, रोज १० तास काम केलं.

उत्तरं : पहिल्याचं पर्याय ४. अ वरूनच बचत ३० टक्के निघते, ब तेच पुन्हा सांगतं, रुपयाचा आकडा कुठंच नाही. दुसऱ्याचं पर्याय १. नवा पगार ५ धरला तर जुना ४, वाढ २५ टक्के. ब मध्ये पाया नाही. तिसऱ्याचं पर्याय ३. दोन्हीकडून धाकट्याचे २०,००० आणि थोरल्याचे ३०,००० निघतात. चौथ्याचं पर्याय ५. रोजचे ८ तासांचे ४८० आणि २ तासांचे २४०, मिळून ७२०; २६ दिवसांचे १८,७२०.

सराव करताना एक शिस्त पाळा. उत्तर निघतंय एवढं कळलं की पुढं चला, शेवटचा आकडा काढत बसू नका. परीक्षेत तो आकडा कुणी विचारत नाही, त्यात वाया गेलेला एक मिनिट मात्र दुसऱ्या प्रश्नाला कमी पडतो. व्यवहारात याच्या उलट करा. माहिती पुरेशी आहे असं वाटलं तरी शेवटचा रुपया काढून बघा, आणि तो आकडा समोरच्याकडून कागदावर लिहून घ्या.